पेन्सिलीतले आकडे

बुल्दानला आमच्या मागांवर टॉवेल निघतात,
सत्तर बाय एकशे चाळीस,
आणि वहीत आकडे निघतात, पेन्सिलीतले.
शाई मी सोडली
एकाच पानावर तीनदा खाडाखोड झाली त्या दिवशी,
तिसरी तर चहा निवायच्या आत.
आता खोडरबराचा भुगा आणि कापसाची तूस
एकाच झाडूने निघते.

रात्रीतून लिरा घसरला की सकाळी
बेकरीवाला पाव गुंडाळता गुंडाळता म्हणतो,
"नुरहयात हानिम, तुमची काय, चांदीच!
युरोत कमावता."
मी हसते.
सूत डॉलरात येतं, निळा रंग युरोत,
वीज लिरात, पण डोळा तिचाही डॉलरवर,
हे काय सांगू त्याला पावाच्या रांगेत?
ताणा एका देशाचा, बाणा दुसऱ्याचा,
गाठ मारणारी बोटं तेवढी आमची.

नवऱ्याने एकदा हिवाळाभर युरो विकले नाहीत.
वाढेल, म्हणाला, थांब.
नेमका त्याच हिवाळ्यात लिरा
ताठ मानेने चालत राहिला,
आणि सूतवाला रुश्तू दारात.
चार नंबरचा माग विकला तेव्हा.
फरशीत बोल्टांची चार भोकं आहेत अजून,
मी बुजवली नाहीत.
थांबावंसं वाटलं की तिकडे बघते.

माझी रीत साधी.
ऑर्डर पक्की झाली की त्याच दुपारी सूत,
सगळं, एकदम, घरात.
जेवायची खोली छतापर्यंत भरली आहे,
आम्ही जिन्यावर बसून जेवतो,
एकाखाली एक,
मीठ वरून खाली येतं.
दरपत्रकाच्या तळाशी लिहिते:
हा भाव आज संध्याकाळी पाचपर्यंत.
दुधावर लिहितात तसं.

बँकेतला ओझान, नवीन मुलगा, मनापासून समजावतो:
तीन महिन्यांनी येणारे युरो आजच विकून टाका, मावशी,
आजच्या ठरलेल्या दराने. झोप लागेल.
आणि तेव्हा भाव चढला असला तर?
तर, म्हणतो, झोपेची किंमत समजा.
अर्धे विकते मी.
अर्धी झोप परवडते.

मग ओडेन्सेहून बिर्गिटेचं पत्र. नेहमीसारखं गोड,
मुलीच्या लग्नाची चौकशी, आणि खाली:
"तुमचं चलन पडल्याचं वाचलं, वाईट वाटलं.
तेव्हा या खेपेला आठ टक्के कमी करता येतील ना?"
आमच्या पडण्यातही तिचा वाटा आहे.
दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा पुसलं.
तीन टक्क्यांवर मिटलं.
किनारीची एक शिवण मी गुपचूप कमी केली,
आणि रात्री उठून परत घातली.

हे सगळं सांगायला सोपं आहे.
सांगायला अवघड ते हश्मेतचं.
एकवीस वर्षं दोन नंबरवर,
कान असा की धागा तुटायच्या आधी माग थांबवतो.
परवा हात पुसत आला, म्हणाला,
"बाई, टॉवेल युरोत जातो.
मी कशात जातो?"

उत्तर मला माहीत होतं,
वहीच्या प्रत्येक पानावर ते होतं:
लिरा पडतो तेव्हा जो थोडा नफा उरतो
तो सुतात नसतो, रंगात नसतो,
हश्मेतच्या पगारात असतो.
तो पडतो तेवढी मी तरते.

त्या रात्री कपाटातून शाईचं पेन काढलं.
नवा पगार लिहिला, ठसठशीत,
खोडता येऊ नये असा.
मोठं काही केल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मार्चमध्ये पाव पुन्हा महागला.
शाई जागच्या जागी होती.
हश्मेत काही बोलला नाही,
नुसता जिन्यावर माझ्या खालच्या पायरीवर बसला
आणि मिठासाठी हात वर केला.

आता त्या आकड्याशेजारी जागा शोधते आहे,
समास अरुंद आहे,
आणि पाच वाजायला वीस मिनिटं.